श्वास रोखून बुडी मारण्याचे प्रशिक्षण आणि आमच्या तलावाचे गढूळ पाणी

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यात आमची मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था आहे आणि तिचे सचिवपद काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. एक मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि एका मध्यम प्रकल्पाचा जलाशय यांतील मासेमारीचा ठेका संस्थेकडे आहे. या दोन्ही पाण्यांत आमची माणसे पिढ्यान्‌पिढ्या कोणत्याही साधनाशिवाय बुडी मारत आली आहेत. पाण्याखालच्या झाडांच्या खुंटांत अडकलेले तंगूस (नायलॉन दोऱ्याचे) जाळे सोडवायचे असते, कधी मरळ माशाच्या मागे जायचे असते, आणि कोणी बुडाले की पोलीस ठाण्यातूनही पहिला फोन आमच्याकडेच येतो. यांतले बहुतेक काम एकटा माणूस करतो. काठावर कोणी असलेच तर ते बिडी ओढत गप्पा मारत असते.

जुलै २०२४ मध्ये संस्थेतील दोन तरुण सभासदांनी ऑनलाइन भालाबंदूक मागवली आणि फोनवर चित्रफिती पाहून श्वास रोखण्याचा सराव सुरू केला. पाण्यात उतरण्यापूर्वी ते वीस-पंचवीस वेळा जोरजोरात श्वास घेत आणि मग बुडी मारत. त्यामुळे जास्त वेळ खाली राहता येते, असे त्यांचे म्हणणे होते, आणि तेवढ्यापुरते ते खरेही होते. बंदी घालणारा ठराव मांडला असता, तर तो मंजूर झाला असता आणि कोणी पाळला नसता. म्हणून या विषयातले रीतसर शिक्षण आपणच घ्यावे असे मी ठरवले. ज्यांना हे शिकायचे आहे, पण कोठून सुरुवात करावी, किती खर्च येतो आणि समुद्रात शिकलेले आपल्या गढूळ पाण्यात कितपत चालते हे कळत नाही, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

ऑगस्टमध्ये चौकशी सुरू केली. फ्रीडायव्हिंग, म्हणजे हवेच्या टाकीशिवाय एका श्वासावर बुडी मारणे, शिकवणाऱ्या शाळा आपल्याकडे बहुतेक समुद्रकाठी आहेत आणि त्यांपैकी काही अंदमानात स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर आहेत. मी तिथल्या एका शाळेशी पत्रव्यवहार केला. पहिल्या पातळीच्या वर्गाची फी २०,००० रुपये होती आणि ३,००० रुपये आगाऊ भरायचे होते. प्रमाणपत्र कोणत्याही आंतरराष्ट्रीय संस्थेचे असले तरी पहिल्या पातळीला खोलीची मर्यादा साधारण १६ ते २० मीटर असते, आणि पाठ्यक्रमातला मोठा भाग सोबत्याला कसे वाचवावे यावर असतो. शाळा निवडताना हे दोन प्रश्न आवर्जून विचारावेत: बचावाचा सराव किती तासांचा आहे, आणि एका प्रशिक्षकामागे विद्यार्थी किती असतात. आमच्या वर्गात एका प्रशिक्षिकेमागे चौघे होतो.

पैशांची व्यवस्था धानावर अवलंबून होती. संस्थेच्या सभेत मी खर्च मागितला नाही, कारण मिळाला नसता. फक्त जाण्याची परवानगी आणि परत आल्यावर सगळ्यांना शिकवण्याची तयारी, एवढेच नोंदवून घेतले. त्या सभेत आमच्या काकाजींनी सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारला. ते वयाने सर्वांत मोठे, आणि तलावाचा तळ त्यांच्याइतका कोणालाच माहीत नाही. ते म्हणाले, "पोहणं तं तुले पोटातूनच येते. मंग वीस हजार देऊन का शिकतेस गा?" त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते.

सप्टेंबरच्या अखेरीस शाळेने आरोग्यविषयक प्रश्नावली पाठवली. दमा, फिट येणे, हृदयविकार, फुप्फुसाचा आजार, कानाची शस्त्रक्रिया किंवा पडद्याला छिद्र असे प्रश्न त्यात असतात, आणि एकालाही 'होय' उत्तर आले तर डॉक्टरांच्या सहीशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत. लहानपणी माझा डावा कान वाहत असे, त्यामुळे मला 'होय' लिहावे लागले. तलावात वाढलेल्या आमच्यासारख्या अनेकांचे कान असेच असतात. खोटे उत्तर लिहून पुढे जाण्याचा सल्ला मला दोघांनी दिला, परंतु ही प्रश्नावली शाळेच्या नव्हे, आपल्याच सोयीसाठी असते. पडद्याला छिद्र असेल तर खोलवर थंड पाणी थेट मधल्या कानात शिरते, भोवळ येते आणि वर कुठे व खाली कुठे हेच समजेनासे होते.

सहीसाठी मला दोन ठिकाणी जावे लागले. पहिल्या रुग्णालयात कान-नाक-घशाचे तज्ज्ञ आठवड्यातून एकाच दिवशी येत आणि मी गेलो तेव्हा ते रजेवर होते. पुढच्या आठवड्यात रांगेत चार तास गेले आणि शेवटी, "आमच्याकडे असा नमुना नाही," असे सांगून अर्ज परत मिळाला. मग नागपूरला एका खासगी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पडदा भरून आल्याची खात्री केली, कानातील दाबाची आणि ऐकण्याची तपासणी केली आणि सही दिली. तपासणी व प्रवास मिळून १,९०० रुपये लागले. फॉर्मसोबत शाळेकडून येणारी डॉक्टरांसाठीची सूचनापत्रिकाही छापून न्यावी. डॉक्टरांना या प्रकाराची माहिती असेलच असे नाही, आणि पत्रिका वाचल्यावर त्यांची भीड चेपते.

नोव्हेंबरमध्ये धानाची कापणी व मळणी झाली. २,३०० रुपये हमीभावाने धान आधारभूत केंद्रावर दिला, पण चुकारा खात्यात यायला जानेवारी उजाडला. तोपर्यंत विमानाची तिकिटे महागली. धानाच्या पैशांवर असे काही ठरवायचे असेल तर फेब्रुवारीच्या आधीची तारीख घेऊ नये, असे आता मी सांगेन. नागपूरहून चेन्नईपर्यंत रेल्वे, तेथून विमानाने श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, आणि पुढे बोटीने स्वराज द्वीप असा प्रवास झाला. बोटीच्या तिकिटासाठी ओळखपत्र लागते, आणि वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानापूर्वी एक दिवस मोकळा ठेवावा. प्रवासाचे साधारण १९,००० आणि राहण्या-जेवण्याचे १४,००० रुपये झाले. फी आणि तपासणी धरून हिशेब ५५,००० च्या आसपास गेला. आमच्या भागातील माणसाला ही रक्कम मोठी आहे हे मला ठाऊक आहे, आणि प्रत्येकाने अंदमानला जावे असे माझे म्हणणे मुळीच नाही.

वर्गाचा पहिला दिवस पूर्णपणे फळ्यासमोर गेला. काकाजींच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले, म्हणून तो भाग थोडा विस्ताराने सांगतो.

श्वास रोखल्यावर जी तगमग होते, छातीखालचा पडदा जे झटके देऊ लागतो, ते ऑक्सिजन संपल्यामुळे होत नाही. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते. बुडीपूर्वी जोरजोरात श्वास घेतल्याने शरीरातील ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कारण रक्त आधीच जवळजवळ पूर्ण भरलेले असते. कार्बन डायऑक्साइड मात्र बाहेर फेकला जातो. म्हणजे टाकीत पेट्रोल तेवढेच ठेवून काटा तेवढा वर सरकवून ठेवण्यासारखे हे आहे. तगमग उशिरा सुरू होते, माणसाला वाटते आपण तयार झालो, आणि ऑक्सिजन संपत आलेला असतानाही शरीर त्याला काहीच सांगत नाही.

दुसरी गोष्ट दाबाची. दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो आणि फुप्फुसातील हवा निम्म्या आकारमानाची होते. त्या दाबाखाली थोडा ऑक्सिजनही रक्तात शिरत राहतो, त्यामुळे खाली असताना माणसाला बरे वाटते. वर येताना दाब निम्म्यावर येतो तसा फुप्फुसातील ऑक्सिजनचा जोरही निम्म्यावर येतो, आणि तो आधीच कमी झालेला असेल तर शेवटच्या काही मीटरांत, किंवा डोके पाण्याबाहेर काढून पहिला श्वास घेतल्यानंतरही काही सेकंदांनी, शुद्ध हरपते. बुडीतले बहुतेक बेशुद्धीचे प्रसंग तळाशी न घडता या शेवटच्या दहा मीटरांत आणि पृष्ठभागावर घडतात, ते याच कारणाने. आमच्या पोरांचा युक्तिवाद असे की तलाव दोन माणूस खोल, त्यात काय होणार. परंतु असे जोरजोरात श्वास घेऊन उतरल्यास पोहण्याच्या उथळ तलावातही माणसे बेशुद्ध पडून बुडाली आहेत, कारण तिथे खोलीपेक्षा श्वास रोखण्याची लांबी घात करते.

यात सर्वांत वाईट म्हणजे बेशुद्ध होण्याआधी काहीच जाणवत नाही. वेदना नाही, घुसमट नाही. त्यामुळे एकट्या माणसाला स्वतःची काळजी स्वतः घेता येत नाही, मग तो कितीही तरबेज असो. प्रशिक्षिकेने नतालिया मोलचानोवा यांचे उदाहरण दिले. या रशियन पाणबुड्या बाईंच्या नावावर ४१ जागतिक विक्रम होते. २ ऑगस्ट २०१५ रोजी स्पेनच्या फॉर्मेन्तेरा बेटाजवळ, स्पर्धेबाहेरच्या साध्या बुडीसाठी त्या उतरल्या आणि वर आल्याच नाहीत. शरीरही सापडले नाही. ऐकताना मला आमच्याकडचे एकेक पट्टीचे बुडी मारणारे आठवत होते.

दुसऱ्या दिवशी उथळ, शांत पाण्यात सराव सुरू झाला. जगभर पाळला जाणारा नियम सोपा आहे: एक वर, एक खाली. खाली गेलेला परत येईपर्यंत वरच्याने दुसरे काहीही करायचे नाही, आणि तो वर आल्यावरही किमान तीस सेकंद त्याच्या तोंडाकडे पाहत राहायचे. वर आलेल्याने लगेच बोलायचे किंवा श्वास भसकन सोडून द्यायचा नाही. थोडीशी हवा सोडून चटकन पूर्ण श्वास घ्यायचा, तो क्षणभर धरायचा, सोडायचा, आणि असे पाच-सहा वेळा करायचे. ओठ निळे पडले, मान लटपटू लागली, हात थरथरले किंवा विचारलेल्याचे उत्तर येत नसले, तर ताबडतोब धरायचे. बेशुद्ध झालेल्याचे तोंड व नाक पाण्याबाहेर ठेवायचे, चष्मा काढायचा, गालावर हलकेच थापटायचे, डोळ्यांखाली फुंकर घालायची आणि नाव घेऊन श्वास घ्यायला सांगायचे. बहुतेक माणसे काही सेकंदांत शुद्धीवर येतात. साधारण दहा सेकंदांत श्वास सुरू झाला नाही तर तोंडाने श्वास द्यायला सुरुवात करायची. हा सराव आम्ही इतका केला की संध्याकाळी खोलीवर जेवतानाही समोरच्याचे ओठ पाहिले जात होते.

खोल पाण्यातील सत्रांना वाऱ्यामुळे दोन दिवस उशीर झाला. त्या काळात कानाचा दाब सारखा करण्याचा कोरडा सराव केला. नाक चिमटीत धरून छातीच्या जोराने हवा कानात ढकलण्याची पद्धत आपल्याला ठाऊक असते, पण डोके खाली करून उतरताना ती लवकरच निकामी होते. त्याऐवजी जिभेचा मागचा भाग वर उचलून तोंडातली हवा ढकलावी लागते. ते जमायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. डावा कान आठ मीटरवर अडत होता, आणि अडला की त्या दिवशी मला पुढे जाऊ देत नव्हते. दुखणाऱ्या कानाने एक मीटरही खाली जायचे नाही, सर्दी असेल तर उतरायचेच नाही, कानात बोळे घालायचे नाहीत, आणि नाक उघडे ठेवणारा पोहण्याचा चष्मा बुडीसाठी वापरायचा नाही; कारण त्यातील दाब सारखा करता येत नाही आणि डोळ्यांतील बारीक रक्तवाहिन्या फुटतात. आमच्या बाजारात मिळतो तो नेमका हाच चष्मा. शेवटच्या दिवशी मी १४ मीटरपर्यंत गेलो आणि तेवढ्यावर समाधान मानले.

दोन बुड्यांमध्ये किती थांबावे, हा प्रश्न मी मुद्दाम विचारून घेतला, कारण जाळे सोडवताना आमची माणसे धाप न जाताच पुन्हा खाली जातात. खाली जेवढा वेळ गेला त्याच्या किमान दुप्पट वेळ वर थांबावे, आणि खाली काही ओढण्याचे किंवा कापण्याचे श्रम झाले असतील तर त्याहून अधिक, असे उत्तर मिळाले.

फेब्रुवारीत परत आलो तेव्हा तलावाचे पाणी वर्षातल्या सर्वांत स्वच्छ अवस्थेत होते. पहिल्याच सकाळी स्टीलचे ताट दोराला आडवे बांधून डोंग्यातून (लहान होडीतून) खाली सोडले. हातभर खाली जाताच ते पिवळसर झाले, आणि दीड हातावर दिसेनासे झाले. जलाशयात, भिंतीपासून दूर, ते अडीच हातांपर्यंत दिसले. अंदमानात वरून पाहणाऱ्याला तळाशी गेलेला सोबती स्पष्ट दिसतो. आमच्याकडे तो पाण्याखाली गेला की नाहीसाच होतो. वरचा माणूस तीस सेकंद टक लावून बसला तरी पाहणार काय? तिकडून आणलेला निम्मा नियम इथे पहिल्याच दिवशी लंगडा पडला. पुढचे दोन महिने आमचे सगळे प्रयोग या एकाच अडचणीवर चालले.

बऱ्याच फेरबदलांनंतर जी पद्धत ठरली ती अशी. डोंग्याशेजारी हवा भरलेली ट्रकची ट्यूब असते आणि तिच्यापासून सरळ खाली वजन लावलेला जाड दोर जातो. त्यावर प्रत्येक मीटरला गाठ असते, म्हणजे अंधारातही हाताला खोली कळते. बुडी मारणाऱ्याचा एक हात दोरावर, किंवा दोरावरून सरकणाऱ्या सैल फासात असतो. कमरेला दोरी बांधायची कल्पना आम्ही सोडून दिली, कारण खुंटांमध्ये तीच गळफास ठरली असती. ट्यूबवरचा सोबती दोर चिमटीत धरून बसतो. खाली पोहोचल्यावर एक हिसका, वर निघताना दोन. तिसरा माणूस डोंग्यात घड्याळ घेऊन असतो आणि मोठ्याने सेकंद मोजतो. मर्यादा पाच मीटर आणि चाळीस सेकंद. चाळीस झाले आणि दोन हिसके आले नाहीत, तर सोबती दोराने खाली जातो; म्हणून तो दम खाऊन ताजा असलाच पाहिजे, हे तिसऱ्याने पाहायचे. कंबरपट्ट्याला म्यानात लहान सुरी सक्तीची, कारण तंगूस पाण्यात दिसत नाही आणि हाताने तुटत नाही.

वजनाचा प्रश्नही निराळा निघाला. समुद्रात मी रबरी पोशाख घातला होता आणि तो बुडवण्यासाठी शिशाचा पट्टा लागत होता. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा कमी तरंगवते, आणि आमची माणसे लुंगी किंवा अर्ध्या चड्डीवर उतरतात; त्यांना वजनाची गरजच नाही. जुनी माणसे दगड कवटाळून झटकन तळ गाठत. तसे करायचेच असेल तर दगड हातात धरावा, बांधू मात्र नये. श्वास सोडल्यावरही माणूस पाण्यावर तरंगला पाहिजे, ही कसोटी आम्ही प्रत्येकाची उथळ पाण्यात घेतली. पाणी सोडण्याच्या दारापासून तर लांबच राहायचे: नहर (कालवा) सुरू असेल त्या दिवशी भिंतीच्या बाजूला कोणीही उतरत नाही, आणि नहर कधी सुरू होणार हे आदल्या संध्याकाळी पाटकऱ्याला फोन करून विचारले जाते. त्या ओढीतून कोणालाही स्वतःच्या ताकदीने सुटता येत नाही.

भालाबंदुकीबाबत मत्स्यव्यवसाय विभागाच्या एका कार्यालयात मार्चमध्ये लेखी विचारणा केली. तोंडी उत्तर लगेच मिळाले, की ठेका तुमचा आहे तर नियमही तुम्हीच ठरवा. लेखी उत्तरासाठी तीन खेपा झाल्या आणि अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर जात राहिला. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घेतला होता, म्हणून निदान तो हरवला असे कोणाला म्हणता आले नाही. दरम्यान संस्थेने आपले नियम केले. रबर ताणून बंदूक भरायची ती पाण्यात उतरल्यावरच, आणि डोंग्यात चढण्यापूर्वी मोकळी करायची. माणसाच्या दिशेने, भरलेली असो वा नसो, धरायची नाही. जेवढे दिसते त्याच्यापलीकडे भाला जात असेल तर मारायचे नाही, आणि आमच्या पाण्यात याचा अर्थ वर्षातले बहुतेक महिने बंदूक घरीच राहणार असा होतो. तांबूस पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला की त्याखाली राखणीला मरळ असते. ती मारली तर पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात, म्हणून तिला हात लावायचा नाही. वनविभागाच्या राखीव हद्दीतील पाण्यात मासेमारीलाच बंदी आहे, तिथे बंदूक नेणे म्हणजे गुन्हा ओढवून घेणे. राहता राहिला मुख्य नियम: दोन माणसांत एकच बंदूक. दोघांकडे बंदुका असल्या की दोघेही माशाकडे पाहतात आणि एकमेकांकडे कोणीच पाहत नाही.

हे सगळे नियम एप्रिलच्या सभेत मांडले तेव्हा दोर, गाठी, सेकंद यांवर कोणाचाही आक्षेप आला नाही. आक्षेप आला तो वाट्यावर. काकाजी म्हणाले, "दोघं गेले तं मासा दुप्पट निंगते का? नाही ना. मंग अर्धा वाटा कोन सोडेल?" माझ्या मते संपूर्ण विषयाचे मर्म याच प्रश्नात आहे. आमची माणसे बेफिकिरीमुळे एकटी उतरत नाहीत. अडकलेले जाळे सोडले तर दीड-दोन हजारांचे नुकसान होते, आणि सोबती घेतला तर त्याची मजुरी पडते. तेव्हा सभेने दोन ठराव केले. खुंटांत अडकलेले जाळे सुरक्षितपणे निघत नसेल तर कापून सोडायचे आणि निम्मी भरपाई संस्थेच्या निधीतून द्यायची. आणि बुडी मारून धरलेल्या मासळीचे वाटे बुडी मारणाऱ्याला व सोबत्याला सारखे. कापलेल्या जाळ्याचा तुकडा दाखवल्याशिवाय भरपाई नाही, अशी दुरुस्ती एका सभासदाने सुचवली आणि ती योग्यच होती. पाण्यात राहिलेले जाळे मासे मारतच राहते आणि पुढच्या बुडी मारणाऱ्यालाही अडकवते, त्यामुळे शक्य तेवढे बाहेर काढलेच पाहिजे.

विम्याचे काम त्याच महिन्यात उरकले. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतील सामूहिक अपघात विम्यात तेव्हा मच्छीमाराला हप्ता भरावा लागत नव्हता. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी २.५ लाख आणि रुग्णालयाच्या खर्चासाठी २५,००० रुपयांची तरतूद होती. वय १८ ते ७० असावे लागत होते. सर्वाधिक वेळ आधार आणि पासबुकावरील नावांची स्पेलिंगे जुळवण्यात गेला, म्हणून ते आधी तपासावे.

बुडालेल्या व्यक्तीच्या शोधासाठी आमच्या माणसांना बोलावले जाते, त्याबद्दल तहसील कार्यालयाला आणि पोलीस ठाण्याला पत्र दिले: तीन माणसे, दोर आणि डोंगा असल्याशिवाय उतरणार नाही, सूर्यास्तानंतर उतरणार नाही, आणि बेपत्ता होऊन बरेच तास झाले असतील तर नागपूरच्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकडीला कळवावे. हे लिहिताना मला संकोच वाटला, कारण काठावर नातेवाईक उभे असताना नाही म्हणणे फार कठीण असते. पत्राची पोच दोन्हीकडून मिळाली आणि पोलिसांनी ते समजून घेतले.

मे महिन्यात एका रविवारी शाळेच्या पटांगणात सगळ्यांना बचाव शिकवला, आणि तिथे सर्वांत जास्त वेळ जुन्या सवयी मोडण्यात गेला. बुडालेल्याला मडक्यावर पालथे घालून किंवा पोट दाबून पाणी काढू नये. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. उताणे निजवून, हनुवटी वर करून आधी तोंडाने श्वास द्यावेत, मग छाती दाबावी, आणि तोवर दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी रुग्णालयात नेलेच पाहिजे, कारण फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनी त्रास देऊ शकते.

साहित्याचा खर्च फार आला नाही. दोर, वजन आणि जुनी ट्यूब मिळून ९०० रुपये. नाक झाकणारे दोन चष्मे मागवले, त्यांचे २,४०० रुपये झाले. सुऱ्या गावातल्याच लोहाराने केल्या. डोंग्यात घड्याळ घेऊन बसणाऱ्या तिसऱ्या माणसाला वाटा द्यावा की दिवसाची मजुरी, यावर दोन सभा झाल्या तरी निर्णय झाला नव्हता. शेवटी ते काम काकाजींनीच मागून घेतले. वाटा नको, चहापाणी पुरे म्हणाले. "पण घड्याळाचे आकडे मोठे पाह्यजे, मले बारीक दिसत नाही." साकोलीच्या बाजारातून तसे एक १८० रुपयांना आणले आहे, आणि त्याची पावती संस्थेच्या खर्चात लावली आहे.